डिस्क बदलून बघू

मुलगी : नाही आई, नुसती मोठी आणि स्वस्तातली डिस्क घेऊन काय उपयोग? पुन्हा तीच फिरणारी तबकडी यायची. बाबांच्या खोलीतून ती घरघर ऐकू येते ना, ती तिचीच.

आई : मला तिची सवय झालीय. थांबली की उलट दचकते. वाटतं, खुर्चीतच झोप लागली की काय यांना.

मुलगी : अगं, सगळी गोम तिथंच आहे. बाबा कॉम्प्युटरवर ते खेळातलं विमान चालवतात, बरोबर? आणि खालची जमीन, म्हणजे घरं, रस्ते, झाडं, सगळं त्या डिस्कवरून उचलून पडद्यावर यायचं असतं. विमान जातं पुढं, डिस्क राहते मागं. मग खाली नुसता हिरवा-करडा चिखल. धावपट्टी नीट दिसेपर्यंत बाबा तिच्या पार पुढं गेलेले असतात.

आई : हे तू फोनवर सांगितलंस ना, त्या दिवशी मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

मुलगी : बरं? त्यात बरं वाटण्यासारखं काय होतं?

आई : काही नाही गं. तू घे काय घ्यायचंय ते.

मुलगी : मी म्हणते, दोन घेऊ. एक लहान, तिच्यावर कॉम्प्युटर सुरू होण्यापुरतं सामान. आणि ही मोठी. बघ तरी, हाताच्या बोटाएवढी पट्टी असते, सरळ आतल्या बोर्डावर बसते. फिरणारं काही नाहीच हिच्यात. सगळी जमीन हिच्यावर ठेवायची. एकीची कटकट दुसरीला नाही.

आई : दोन बायका, फजिती ऐका. भांडणार नाहीत ना आत?

मुलगी : नाही भांडत. एकटीवर सगळं टाकलं की मात्र दमते.

आई : हो. ते आहेच.

मुलगी : आई, तुला काहीतरी बोलायचंय.

आई : समजा, जमीन वेळेवर आली. स्वच्छ आली. आणि तरी यांना धावपट्टी सापडली नाही तर?

मुलगी : का नाही सापडणार? समोर असणार ती.

आई : तू सुट्टीला येतेस. तुझ्यासमोर ते इस्त्री करून बसल्यासारखे असतात. गेल्या महिन्यात औषधं आणायला खाली गेले. बराच वेळ झाला, आले नाहीत. मी दार उघडून बघते, तर दुसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांवर बसलेले. मांडीवर औषधांची पिशवी.

मुलगी : दम लागला असेल. लिफ्ट बंद असते ना सारखी.

आई : मीही तेच म्हणाले, "दम लागला का हो?" तर "हो" म्हणाले. माणूस दम लागून बसतो तेव्हा वर बघतो, किती राहिलं म्हणून. हे इकडं-तिकडं दारांवरच्या पाट्या वाचत होते.

मुलगी : मग डॉक्टर?

आई : विषय काढला की ताकाला तूर लागू देत नाहीत. चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणतात.

मुलगी : वाढलाही असेल. आई, खरंच असू शकतं. डोळे आणि डिस्क, दोन्ही मिळून.

आई : असू दे बाई. तसंच असू दे. आले बघ.

बाबा : मायलेकी कुजबुजताहेत म्हणजे काहीतरी कट शिजतोय. कोण जाणार आहे बळी?

मुलगी : तुमची जुनी हार्ड डिस्क. बसा ना इथं. एकच सांगा, किती जग हवंय?

बाबा : म्हणजे?

मुलगी : म्हणजे आपला भाग तेवढा ठेवला तर लहान ड्राइव्ह पुरते. सगळं जग घ्यायचं तर ही मोठी लागेल.

आई : सगळं कशाला? उडता तर एवढ्यातच. तुमच्या विमानतळावरून निघायचं, नदी, पूल, पाण्याची टाकी, की वळून परत.

बाबा : अगं, आपण एकाच खोलीत बसतो म्हणून बाकीचं घर कुणी पाडत नाही. सगळं घे गं चिमणे. जन्म गेला माझा विमानाच्या पोटाखाली. नट आवळायचे मी, तेल तपासायचं मी, "जाऊ द्या" म्हणून अंगठा दाखवायचा मी. आणि वर जायचे दुसरे. आता म्हातारपणी वर गेलोय, तर काटकसर नको.

मुलगी : ठरलं. मोठी.

बाबा : तापत नाही ना? एवढीशी पट्टी एवढं जग उचलणार म्हणजे तापणार.

मुलगी : तापते थोडी. वर पत्र्याचं झाकण येतं तिला, उष्णता ओढून घ्यायला.

बाबा : मग बरोबर आहे. करणाऱ्यांनी विचार केलाय.

मुलगी : बाबा, धावपट्टी का चुकते तुमची?

बाबा : जमीन धूसर येते. तूच शोधून काढलंस की. डिस्क.

मुलगी : हो. डिस्कच.

बाबा : मग डिस्क बदलू. झालं.

(नव्या ड्राइव्ह बसवून झाल्या आहेत. बाबा पडद्यासमोरच्या खुर्चीत, हात दांड्यावर. मायलेकी मागं उभ्या.)

बाबा : चालू झाला? आवाजच नाही.

मुलगी : आवाज करणारं काही राहिलंच नाही आता. सोडा ब्रेक.

बाबा : चला. सुटलो. अरे वा! वा वा! अगं, ये इकडं, हे बघ. झाडांच्या सावल्या पडल्यात.

आई : दिसताहेत. चष्मा आहे मला.

बाबा : नदीचं पाणी चमकतंय बघ. आणि तो पूल. त्याचे कठडेसुद्धा मोजून घ्यावेत असे. चिमणे, कामगिरी केलीस तू.

मुलगी : बघ आई! जरासुद्धा अडकत नाहीये. सांगत होते ना मी?

आई : हो गं. किती स्वच्छ.

मुलगी : पूल गेला बाबा. आता टाकीवरून डावीकडे.

बाबा : हं.

मुलगी : डावीकडे.

बाबा : घाई करू नकोस. बघू दे.

मुलगी : बरं, बघा. पण टाकी मागं गेली. थोडं वळलात तरी समोरच येईल. तसं. आता खाली बघा.

बाबा : छान आहे. मोठी शेड आहे. विमानंही ओळीनं लावलीत, कुणीतरी शिस्तीचा माणूस दिसतोय. कुठलं गाव हे?

मुलगी : बाबा?

बाबा : नाव काय याचं?

मुलगी : बाबा, हा तुमचा हँगर आहे.

बाबा : माझा?

आई : ते कोपऱ्यातलं फाटक बघा. तिथं उभी राहायचे मी, तुमची पाळी सुटायच्या वेळी. ही कडेवर असायची.

बाबा : हो, हो. तेच. वरून वेगळं दिसतं जरा.

आई : वेगळंच दिसतं वरून. मलाही ओळखू आलं नसतं.

मुलगी : आई, नको ना असं.

आई : मग काय करू मी?

मुलगी : थांबा. सेटिंगचं काहीतरी असेल. धावपट्टीचे दिवे वाढवता येतात, नकाशा बाजूला ठेवता येतो. नाहीतर मेमरी कमी पडत असेल.

बाबा : हं. ती कमीच पडतेय.

मुलगी : मला तसं नव्हतं म्हणायचं बाबा.

बाबा : माहीत आहे. जरा थांबवून ठेव ते. एवढी सोय आहे यात, विमान हवेतल्या हवेत थांबतं. बिघाड सापडत नसला की आम्ही एकेक भाग बदलत जायचो. स्वस्तातला आधी. डिस्क बदलली, उत्तम आहे. पडदा चांगला. चष्माही गेल्या महिन्यात बदलून घेतला, तुम्हाला सांगितलं नाही.

आई : नंबर?

बाबा : होता तोच.

आई : मग तुम्हाला ठाऊक होतं तर.

बाबा : जिन्यात बसलो त्याच्याही आधीपासून. दारं सगळी सारखी दिसायला लागली होती. तुला केव्हा कळलं?

आई : तुम्ही इथल्या बटणांना रंगीत पट्ट्या चिकटवल्यात तेव्हा. स्वतःच जोडलेली बटणं तुम्ही.

बाबा : बोलली नाहीस.

आई : तुम्ही घाबराल, वाटलं.

बाबा : मला वाटलं, तू घाबरशील.

आई : घाबरले होतेच. एकटीच घाबरत बसले होते स्वयंपाकघरात.

मुलगी : मला खरंच वाटलं होतं हो बाबा, डिस्कच आहे. शपथ. मी रात्रंदिवस तेच वाचत होते, कुठली जलद, कुठली टिकाऊ...

बाबा : रडू नकोस. ये इकडं. मलाही वाटलं होतं. तू मागवल्यापासून ती येईपर्यंतचे दिवस मोठे छान गेले माझे. रोज वाटायचं, आली की झालं.

आई : मलासुद्धा. दारावरची घंटा वाजली की धावत जायचे मी.

बाबा : सोमवारी डॉक्टरांकडे जाऊ.

आई : मी येते बरोबर.

बाबा : यावंच लागेल. नाहीतर मी डॉक्टरांकडे म्हणून निघायचो आणि न्हाव्याच्या खुर्चीत बसून जीभ दाखवायचो.

आई : काहीतरीच तुमचं. अशा वेळी हसवू नये माणसाला.

मुलगी : मी रजा वाढवून घेते. थांबते मी.

बाबा : थांब. या खेपेला नाही म्हणत नाही.

मुलगी : हे बंद करू आता?

बाबा : बंद का? विमान वर आहे. असं सोडून उठत नाहीत. हे बघ, हात अजून शाबूत आहेत, नाक कसं सरळ धरलंय. कुठं जायचं तेवढं निसटतं. अगं, तू ती खुर्ची ओढ आणि बस शेजारी.

आई : मी? मला विमानातलं काय कळतं?

बाबा : विमानाचं मी बघतो. तू नुसती वाट सांगत राहा.

आई : हं. मग आधी मागं वळवा. सावकाश. टाकी आली की सांगते.