चालत्या गाडीतून माझे बाहेर पडणे

जबाब देणार: मोटार ड्रायव्हिंग स्कूलचा मालक व शिक्षक, गल्लीत ‘सर’ म्हणून माहीत. वय सत्तेचाळीस. राहणार बाजाराच्या मागे, स्कूलच्याच वरच्या मजल्यावर.

मी धावत ठाण्यात आलो आणि हवालदारांच्या समोर बसून सांगतो की, माझी बायको माझ्या गाडीत आहे, गाडीत घोणस आहे आणि बायकोला गाडी चालवता येत नाही. एवढे ऐकल्यावर कोणीतरी जीप काढेल अशी माझी अपेक्षा होती. वायरलेसवर कळवले आहे, जीप येईपर्यंत पहिल्यापासून नीट सांगा, असे हवालदार म्हणाले. म्हणून बसलो आहे. खरे तर बसवत नाही.

सदर गाडी शिकवणीची असून तिला माझ्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच आहे. काल ती विटांच्या ढिगाला लागून उभी केली होती. आज सकाळी बायकोला शिकवणीला बाहेर काढले. ती चार महिने शिकते आहे. बाहेरच्या लोकांना मी महिन्याभरात मोकळे करतो. ही घरची, म्हणून जास्त काळजी घेतली, म्हणजे ब्रेकवरून माझा पाय कधी हलू दिला नाही. तिने आजवर एकदाही स्वतः गाडी थांबवलेली नाही. तशी वेळच मी येऊ दिली नाही. तेच आता मला खाते आहे. जीप आली का ते कृपया बघावे.

बाजाराच्या वळणावर फुस्स असा आवाज आला. वीस वर्षे या धंद्यात असल्यामुळे टायरची हवा चालली हे मी ताबडतोब ओळखले. मी म्हणालो, “घासलीस ना फुटपाथला? तुला जन्मात गाडी यायची नाही.” ती म्हणाली, “अहो, मी फुटपाथच्या जवळसुद्धा गेले नाही.” आवाज पुन्हा आला. “हवा अशी दम खात खात जाते का हो?” असे तिने विचारले. तिला यंत्रातले काही कळत नाही म्हणून मी तिला पुढे बघायला सांगितले. आवाज माझ्या पायांजवळून येत होता. मी खाली पाहिले.

माझ्या ब्रेकवर घोणस होती. मनगटाएवढी जाड, पाठीवर साखळीसारखी नक्षी. मी दोन्ही पाय सीटवर घेतले. एक चप्पल खाली पडली, ती घ्यायला वाकलो नाही. त्यानंतर दार उघडून मी गाडीच्या बाहेर पडलो. हवालदारांनी ‘उडी मारली’ असे लिहिले आहे. मी केराच्या पेटीवर आपटलो. मागून ऐकू आले ते एवढेच, “अहो, दार तरी लावा!” गाडी पुढे गेली. मी एका चपलेनिशी मागे धावलो, पण बाजारातली माणसे मध्ये आली आणि गाडी दिसेनाशी झाली.

बाहेर पडण्यापूर्वी बायकोला सापाबद्दल सांगितले का, असे मला विचारण्यात आले. मी “आई गं” असे म्हणालो होतो. त्यावरून तिला कळले असावे.

तो साप घोणसच हे कशावरून, असेही विचारले. विषारी सापांशी माझी गाठ पडण्याची ही तिसरी खेप आहे. पहिल्या वेळी न्हाणीघरात बादलीमागे नाग निघाला होता. तेव्हा मी खिडकीच्या कट्ट्यावर चढून वरून सूचना देत होतो. त्या सूचनांप्रमाणे साप बादलीत घालून, झाकण लावून बाहेर नेण्यात आला. दुसऱ्या वेळी गॅरेजमध्ये जुन्या टायरच्या आत मण्यार वेटोळे घालून बसली होती. तो टायर तसाच उचलून माळावर नेण्यात आला. कोणी नेला, असे हवालदारांनी विचारले. दोन्ही वेळा घरात बायको होती. त्यानंतर सापांची माहिती असावी म्हणून मी चित्रांचे एक पुस्तक आणले. ते मी दिवसाच वाचतो.

अपघात झाला असता तर एव्हाना खबर आली असती, असे म्हणून हवालदार मला धीर देत आहेत. मला धीर येत नाही. ती बाई स्वयंपाकघरात पाल दिसली तरी आधी मला बाहेर जायला सांगते, मग पालीकडे बघते. तिच्यावाचून मला घरात चहाची साखर सापडत नाही. हे लिहू नका असे म्हणालो होतो, पण लिहिले असेल तर राहू द्या. मला भीती वाटते आहे. तिला काही झाले तर मी पुन्हा कोणाच्या शेजारी बसून कोणाला काय शिकवणार?

एवढ्यात अग्निशमन केंद्राचा फोन आला. हवालदारांनी ऐकून मला सांगितले ते असे की, बाई सुखरूप आहेत. भर बाजारात थांबले तर साप माणसांत जाईल, म्हणून त्या थांबल्या नाहीत, सरळ केंद्रावर गेल्या. वाटेत लाल दिवा लागला तेथे मात्र थांबल्या. केंद्राच्या आवारात दोन बंबांच्या मधल्या जागेत त्यांनी गाडी मागे घेत घेत लावली, मग उतरून जवानांना हाक मारली. घोणस पकडली आहे. गाडीला ओरखडा नाही. मला रडू आले, ते मी आवरले नाही. गाडी मागे घेऊन लावणे मी तिला अद्याप शिकवलेले नाही, हे मी हवालदारांच्या निदर्शनास आणले.

बायकोने निरोपही ठेवला आहे. तिच्याकडे शिकाऊ परवानाच असल्याने गाडी घरी आणताना शेजारी पक्का परवाना असलेले माणूस बसणे कायद्याने भाग आहे, तरी तसे माणूस लवकर पाठवावे. मीच यायला हवे असे काही नाही, असेही तिने कळवले आहे.

हा जबाब हवालदारांनी मोठ्याने वाचला आणि मी तो उभ्यानेच ऐकला. सगळा माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. निरोपाचे शेवटचे वाक्य त्यांनी पुन्हा एकदा वाचून दाखवले. तेही बरोबर आहे.