रुग्णवाहिकेतला संसार

(पेण, रामवाडी. हन्ना आणि तिचा नवरा एलियाह, ज्यू जोडपं, ओटीवर महिन्याच्या खर्चाचा हिशेब करत बसलेले. दारात जुनी रुग्णवाहिका.)

हन्ना : डिझेलचे नऊ हजार? एवढ्यात कुठवर जाणार?

एलियाह : महिन्याला हजारेक किलोमीटर. रोज पळवायची नाय गो. एका गावात चार दिवस मुक्काम, मग पुढे.

हन्ना : आणि शनिवारी?

एलियाह : शब्बाथला चाक हलणार नाय.

हन्ना : तीस वर्षं रोह्याला कंपनीची बस चालवलीत. हौस फिटली नाय? आता कायमचं गाडीतच राहायचं म्हणता!

एलियाह : ती दुसऱ्यांच्या शिफ्टसाठी चालवली. आदेशच्या गॅरेजात ही दिसली आणि वाटलं, आपल्यासाठी चालवावी. पेन्शन, फंडाचं व्याज आणि या घराचं भाडं. भागतंय.

हन्ना : घराचं भाडं? माझं घर भाड्याने देणार?

एलियाह : पुंडलिकला हवंय, त्याच्याशी नुसतं बोललोय. पैसे नाय घेतले.

हन्ना : मला न विचारता! बरं, गॅस?

एलियाह : पाच किलोचा छोटा सिलिंडर. महिना जातो.

हन्ना : आपल्याला जाईल? तांदूळ किती धरलेत?

एलियाह : पाच किलो.

हन्ना : घरात दहा लागतात. माझ्या शुगरच्या गोळ्या कुठे धरल्यात?

एलियाह : औषधांत धरल्यात.

हन्ना : औषधं तुमच्या बीपीचीच सांगितलीत मघाशी. माझ्याकडे बघून बोला. किती माणसांचा खर्च काढलाय?

एलियाह : ...एकाचा.

हन्ना : म्हणजे मला टाकून चाललात?

एलियाह : मी? तू चाललीस! गुपचूप पासपोर्ट नवा केलास. तिकडे इस्रायलला शीराला फोनवर म्हणालीस, ‘तिकीट काढ, पप्पांना एवढ्यात सांगू नको.’

हन्ना : चोरून ऐकता?

एलियाह : दार उघडं होतं. इस्रायलला गेलेलं आपल्यातलं कोण परत आलंय? तुझा भाऊ हासाजी सहा महिन्यांसाठी गेला होता. त्याच्या दाराचं कुलूप गंजलं.

हन्ना : अहो, शीराला दिवस गेलेत.

एलियाह : काय?

हन्ना : मागचं टिकलं नाय ना. म्हणून म्हणाली, पाचवा महिना लागेपर्यंत कुणाला सांगायचं नाय. तुम्हालाही नाय. बाळंतपणाला चाललेय मी. तीन महिने.

एलियाह : आणि तीन महिन्यांनी?

हन्ना : यायचं तिकीटही काढलंय. विचारा लेकीला.

एलियाह : ...पोर बरी आहे ना?

हन्ना : बरी आहे. चिंच मागते, तिकडे धड मिळत नाय. आणि तुम्ही महिनाभर मनात हे घेऊन बसलात?

एलियाह : विचारलं असतं आणि तू हो म्हणाली असतीस तर? इथं एकट्याने... वाटी पडली तरी दचकलो असतो गो. गाडीत निदान इंजिनाचा आवाज.

हन्ना : पुंडलिकला उद्याच नाय म्हणून सांगा. परत येऊन मी कुणाच्या दारात उतरू?

एलियाह : सांगतो. गाडीही परत देतो आदेशला.

हन्ना : परत द्या म्हटलं का मी?

एलियाह : मग?

हन्ना : मी जायच्या आधी धरमतरला गाडीत एक रात्र राहून बघू. मागच्या खिडकीला तेवढी जाळी लावून घ्या. खाडीवरचे डास मलाच जास्त चावतात.