उगवतीकडे तोंड करून

सुना दर सणाला माहेरी पळतात म्हणून कुरकुरता ना, तर मग माझ्या थोरल्या जाऊबाईंचं ऐका.

पन्नास-एक्कावन्नचं साल असेल, माझं लग्न नुकतंच झालं होतं. थंडीच्या दिवसांत आमचं सगळं घर गिरडच्या टेकडीवर दर्ग्याला मलिदा चढवायला गेलं. वर कोवळं ऊन होतं, आणि दूरवर निळे डोंगर. जाऊबाईंचं माहेर अल्लीपूरचं. त्यांच्या लग्नात मानपानावरून भांडण झालं, तेव्हापासून सात वर्षं मामंजींनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी, त्यांना माहेरी पाठवलंच नव्हतं.

मलिदा वाटून झाल्यावर जाऊबाई उगवतीच्या डोंगरांकडे तोंड करून बसल्या. पाहते तर डोळ्यांना पदर.

"काऊन रडता, बाई?"

"माहेराची आठवण येऊन राह्यली वं."

मी चार बुकं शिकलेली, लगेच शहाणपण केलं. "पण अल्लीपूर तं मावळतीले हाय. तुमी उलटीकडंच पाहून राह्यल्या."

"मले मालूम नाई काय?" त्या हळूच म्हणाल्या. "पण मावळतीले मामंजी बसले हायत. त्यांच्याकडं तोंड करून रडू कशी?"

वारा नेमका मामंजींकडेच वाहत होता. उतरताना ते माझ्याजवळ थांबले आणि भलतीकडे पाहत म्हणाले, "तिले सांगजो, पुढच्या साली मी उगवतीले बसीन."

बंडी जुंपून अल्लीपूरला पोचवतो, एवढं मात्र त्या माणसाच्या तोंडून निघालं नाही.