रेणुकाच्या गुडघ्याची खरी हकीकत

आपल्या संस्थेचे सन्माननीय अध्यक्ष माणिकप्पा साहेब, मुख्याध्यापिका मंजुषा मॅडम, आज ज्यांना आपण निरोप देत आहोत ते क्रीडाशिक्षक अश्वजित सर, व्यासपीठावरचे पाहुणे आणि सतरंजीवर बसलेल्या माझ्या लेकींनो,

पालकांतर्फे दोन शब्द बोलायला मला उभं केलं आहे. शाल देण्याआधी बोलते म्हणाले, ते मुद्दाम. मी भामाबाई, नववीतल्या रेणुकाची आई.

रेणुका व्हॉलीबॉल खेळते. उंची बेताची, म्हणून सरांनी तिच्या उडीवर मेहनत घेतली. पायांत ताकद यावी म्हणून वाळूची गोणी खांद्यावर घेऊन उठाबशा. आठवड्यातून दोनच दिवस, सोमवारी आणि गुरुवारी. भिंतीवर खडूची खूण करून सर मोजायचे. दिवाळीपर्यंत अडतीस सेंटिमीटरची उडी चव्वेचाळीसवर गेली.

जानेवारीत तिचा गुडघा सुजला. पालकसभेत एक जण उठून म्हणाले, "पोरींना हमाल करून राहिलात का, सर?" सगळे हसले. सर एवढंच बोलले, "जबाबदारी माझी." त्यावरून त्यांची अर्धापूरच्या शाखेत बदली झाली. मी तिसऱ्या रांगेत होते. गप्प बसले.

माझे मालक केरबा हमालच होते, इथल्याच आडत बाजारात. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली.

गुडघा सरांमुळे सुजला नाही. माझ्यामुळे सुजला.

माझी शाळा चौथीपर्यंतच. पुढचं सगळं वाचनालयाच्या पुस्तकांवर. तिथून व्यायामाचं एक पुस्तक आणलं. वजनाचं प्रकरण वाचलं, पुढचं विश्रांतीचं वाचायला दम निघाला नाही. निवड चाचणी जवळ आली होती. वाटलं, आठवड्यात दोन दिवस करून एवढी वाढते, तर रोज केलं तर किती वाढेल? कट्ट्यात, म्हणजे पोत्यात, वीस किलो तूर भरली आणि रोज संध्याकाळी तिच्या खांद्यावर दिली.

"माय, पाय भरून आलेत गं."

"सरांना सांगू नको. अजून दहा काढ."

उडी चाळीसवर उतरली. मी वजन वाढवलं.

आणि मला माहीत नव्हतं असंही नाही. दहा कट्टे टाकले की केरबा पायरीवर टेकायचे. मी डबा घेऊन गेले की म्हणायचे, "घाई लावू नको. बसल्याबिगर अंगात जोर परत येत न्हाई." सतरा वर्षं ऐकलेलं मी पुस्तकाच्या चार पानांपुढे विसरले.

रेणुकानं सभेच्या सकाळीच सरांना सगळं सांगितलं होतं. हे मला परवा कळलं. सर तिला म्हणाले, "राहू दे. लोक तुझ्या आईला बोल लावतील." सर, मान हलवू नका. आज तरी मला बोलू द्या.

अध्यक्षसाहेब, सोमवारी सर अर्धापूरला हजर होतील. रेणुकाचा गुडघा बरा होईल, तिचं मी बघेन. पण अजून अकरा मुली आहेत. त्यांच्या गोण्या त्या सभेपासून कुलपात पडल्या आहेत. बदलीचा आदेश मागे घ्या. पाया पडते. घडलं ते सगळं मी लिहून आणलंय, खाली सही केलीय. हा कागद इथे ठेवते, शालीवर. आधी तो वाचा.

मला बोलू दिलंत, त्याबद्दल आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. त्या सभेत गप्प बसले, त्याची माफी मात्र आज मागत नाही. सर पुन्हा या मैदानावर उभे राहिले, की त्यांच्याकडेच मागेन.