भांडी मंडळाची घटना

…आणि वर मलाच म्हणतात, "सुकदेवभाऊ, तुम्ही जरा घटना वाचत जा!" मी? मी घटना वाचू? अहो, पोरीचं लग्न तोंडावर आलेलं, दारात मंडपाचे बांबू उभे, चाळीसगावचं वऱ्हाड एसट्या भरून निघायच्या तयारीत, आणि घरात वरण शिजवायला गंज नाही… अशा वेळी माणूस घटना वाचेल का भांडी शोधेल? तुम्हीच सांगा!

कसली घटना म्हणता? आमच्या गावच्या एकता भांडी मंडळाची! हसू नका. नरडाण्याच्या अलीकडं आमचं गाव. तिथं आमच्या वडिलांच्या पिढीनं वर्गणी काढून लग्नाकार्याची भांडी घेतली, तांब्याचे हंडे, पितळी गंज, बट्ट्या तळायच्या कढया, आणि ठरवलं की जो सभासद त्याच्या घरच्या कार्याला भांडी फुकट. झालं, एवढंच मंडळ! देवळामागच्या खोलीत भांडी, कडीला दोरी, दोरी सोडा आणि घेऊन जा. बरं चाललं होतं की नाही? पण मग कुणाच्या तरी बारशात एक झारा हरवला. झारा, तुम्हाला सांगतो! त्या झाऱ्यापायी गावात दोन तट पडले, आणि झारा शोधायचा सोडून यांनी काय करावं? कार्यकारिणी निवडली! अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, खाली डझनभर सदस्य. धुळ्याच्या वकिलाकडून घटना लिहून आणली. दोरी गेली, तीन कुलपं आली. तीन का? तर तिघा पदाधिकाऱ्यांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नाही म्हणून. हे घटनेत नाही, हे मी सांगतो.

तर मी गेलो अध्यक्षांकडं. अभिमनआबा. आबा म्हणजे गावात जे जे मंडळ निघालं त्याचे अध्यक्ष. भजनी मंडळाचे अध्यक्ष, तालमीचे अध्यक्ष, उद्या कुणी गोधडी पांघरून चार माणसं एकत्र बसवली तर तिथंही आबाच अध्यक्ष! म्हटलं, "आबा, आपल्या निर्मलाचं लग्न आहे, भांडी पाहिजेत." आबांनी पान लावलं, तोंडात टाकलं, आणि छताकडं बघून म्हणाले, "व्हई जाई रे भो, व्हई जाई!" मी खूश! घरी येऊन बायकोला सांगितलं, होऊन जाईल म्हणून. मंदा माझ्याकडं अशी बघायला लागली… म्हणाली, "तालमीचं छप्पर उडालं तेव्हाही आबा हेच म्हणाले होते. पोरं अजून उन्हात कुस्ती खेळतात."

मग चिटणीस. वाल्मीक मास्तर. रिटायर झाले पण वर्ग सुटलेला नाही. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज नाकातून. "सुकदेवभाऊ, भांडी देणारा मी कोण? आबा कोण? भांडी कार्यकारिणी देते. सभा होईल, कोरम भरेल, ठराव होईल, मग भांडी." म्हटलं, "मास्तर, आणि अडीअडचणीला?" म्हणाले, "अडीअडचण घटनेत नाही."

सभा लावली कधी? रविवारी सकाळी! अहो, रविवारी सकाळी सगळं गाव टीव्हीवरच्या देवाच्या मालिकेपुढं हात जोडून बसलेलं, उदबत्त्या लावून! देवळात हजर कोण? मी, मास्तर आणि ओट्यावरचं एक कुत्रं. मी म्हटलं, "मास्तर, सगळ्या जगात कोरम नसला की सभा अर्धा तास तहकूब करतात आणि आहे त्या माणसांत पुन्हा घेतात." मास्तरांनी घटना उघडली, बोट फिरवलं, मिटली. "जगात असेल. आपल्या घटनेत नाही."

बरं, पुन्हा सभा. या खेपेला मी एकेकाला घरी जाऊन हाताला धरून आणला. एकाला हजामत अर्धी टाकून उठवला! कोरमला फक्त एक डोकं कमी, आणि तेवढ्यात खजिनदार हिलालनाना येताना दिसले. मी म्हटलं, पावला देव! पण नाना आले ते पायरीवरच बसले. का? तर खुर्चीत आबा. दोघांचं बांधावरून वाकडं. नाना पायरीवरून ओरडतात, "तो खुर्चीत शे तोवर मी आत येणार नाही!" आबा आतून म्हणतात, "व्हई जाई, व्हई जाई!" मी मास्तरांचे पाय धरायचेच बाकी ठेवले. "अहो, पायरी देवळाचीच ना? धरा की हजर!" मास्तरांनी घटना पुन्हा पहिल्या पानापासून चाळली. म्हणाले, "पायरीवरचा सदस्य आत धरावा की बाहेर, हे घटनेत नाही." सभा बरखास्त! पायरीवर! अहो, एक माणूस एक पाय आत टाकेना म्हणून माझ्या पोरीच्या लग्नाचं जेवण अडलं!

भाड्यानं आणा म्हणाल, तर लग्नाची तिथी एवढी दाट की धुळ्यापासून शिरपूरपर्यंत मंडपवाल्यांकडं चमचासुद्धा शिल्लक नाही. आणि हक्काची भांडी खोलीत पडलेली! मी घरी येऊन मटकन बसलो. निर्मला पाणी घेऊन आली, म्हणाली, "बाबा, माझ्यापायी कुणाच्या पाया पडू नका. नुसत्या चहावर करू लग्न." तिच्यासमोर रडलो नाही, एवढंच.

मंदा मात्र उठली, पदर खोचला आणि तरातरा गेली भीमनगरात. तिथं महिला मंडळ आहे, त्यांची स्वतःची लग्नाची भांडी आहेत, यशोदाबाई त्याच्या अध्यक्ष. मीही मागून गेलो, हातात अर्ज घेऊन, सवय लागली ना! यशोदाबाई दारात शेंगा फोडत होत्या. मंदानं तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "पोरीनं लगीन शे ना? लई जा बठ्ठं. फक्त घाशीसन परत आना, बस." सगळं घेऊन जा, घासून आणा, एवढीच अट! मी विचारलं, "सभा? ठराव?" त्या माझ्याकडं बघून मंदाला म्हणतात, "भाऊले ऊन लागनं का व?"

लग्न झालं! वरण काय, बट्ट्या काय, घोटलेल्या वांग्यांची भाजी काय… वऱ्हाड खूश! आणि पहिल्याच पंगतीला कोण? अख्खी कार्यकारिणी! आबा, मास्तर, हिलालनाना, डझनच्या डझन! अर्धी हजामतवालासुद्धा! आबांच्या शेजारी नाना मांडी घालून बसलेले, मध्ये फक्त तुपाची वाटी. बट्टीपुढं बांध आठवत नाही! तिसऱ्यांदा वरण घेताना मास्तरांची नजर गंजावर गेली. "सुकदेवभाऊ, हे आपलं भांडं नव्हे." म्हटलं, "भीमनगरचं आहे." एकजण कुजबुजला, "भीमनगरातून?" तेव्हा मात्र माझं डोकं सणकलं. म्हटलं, "का? बट्टी पोटात गेली, आता ती काय तहकूब करता? माझ्या लेकीची अब्रू त्या बाईनं राखली, तुम्ही नाही!"

मास्तरांनी मान खाली घातली… मला वाटलं, लाजले. लाजतात कसले! ते डोकी मोजत होते! एकदम खरकटा हात वर करून ओरडले, "आबा, कोरम भरला!" आणि तिथंच, तुम्हाला सांगतो, माझ्या मंडपात, माझ्या बट्ट्या चावता चावता, सभा सुरू! "विषय एक, सुकदेवभाऊंच्या कन्येच्या विवाहास भांडी देणे." "मंजूर!" "मंजूर!" "सर्वानुमते मंजूर!" आबा म्हणाले, "बघ, मी म्हनं नव्हतं, व्हई जाई!"

संध्याकाळी निर्मला सासरी निघाली, आम्ही सगळे रडतोय, आणि दारात ट्रॅक्टर थांबला. काय? भांडी! तिघांनी तीन कुलपं उघडून पाठवलेली! हिरवीगार, कळकलेली, हंड्यांत कोळ्यांची जाळी. मी मास्तरांकडं धावलो, "परत न्या!" मास्तर म्हणाले, "खुशाल. पण नेलेली भांडी सभासदानं घासून, कल्हई करूनच परत द्यायची." "अहो, मी वापरली नाहीत! मी नेलीसुद्धा नाहीत, तुम्ही पाठवलीत!" "वापरली की नाही, हे घटनेत नाही. घासून द्यायची, हे घटनेत आहे. तुम्ही जरा घटना वाचत जा."

आता चार दिवस झाले, चिंच आणि राख घेऊन मी अंगणात बसलोय. काल मोठा हंडा उलटा केला, तर खडकन काय पडलं? झारा! तोच! इतकी वर्षं हंड्याच्या बुडाशी, तीन कुलपांच्या आड, सुखरूप! मंदा म्हणते, जाऊन सांगा मंडळाला. मी म्हटलं, बाई, माळ्यावर टाक तो गुपचूप. सांगितलं तर पहिला प्रश्न येईल, मंडळाचा झारा सुकदेवच्या घरात कसा? आणि त्या सभेला, तुम्हाला सांगतो, कोरम बरोब्बर भरेल.