पाठमोरी कानतुटी

समस्त मंडळींनी हातातली कामं खाली ठेवून ऐकावं, बाब लई गंभीर हाय: कळपात वाढलेल्या या बाईनं मेंढराचं तोंड कधी नीट बघितलंच नव्हतं. हसू नका. आम्ही वैजापूरकडचे धनगर, मेंढरं पुढं आन आम्ही मागं, मग जन्मभर मला दिसल्या त्या शेपट्याच. पण काय सांगू तुम्हाला, नुसत्या चालीवरून मी ओळखायची ही कोण आन ती कोण. आमची कानतुटी सगळ्यात शेवटी, कुत्र्यानं एक कान तोडलेला, मान वाकडी, आन ढुंगण असं डुलवायची, जशी पाटलीणबाई बाजाराला निघाली.

मग दोन सालं पाऊस नाय, चारा नाय, कळप विकावा लागला. आबांनी, म्हंजी माझ्या वडलांनी, कानतुटीला स्वतः टेम्पोत चढवलं आन त्या दिवसापासून बोलणंच सोडलं. व्हय आन नाय, बस. आम्ही वाळूजला आलो, भाऊ कारखान्यात लागला, मी शहरात कार्टून शिकवायच्या क्लासात झाडूपोछ्याला. झाडता झाडता फळ्यावर डोळा. एक दिवस शाहीन मॅडमनी मला फरशीवर खडूनं मेंढरू काढताना धरलं. म्हणल्या, मौसी, झाडू रखो, बेंच पे बैठो. चाळिशीची मी, पोरींच्या मधी!

पहिला धडा आकारांचा. गोल म्हंजी मायाळू, त्रिकोण म्हंजी खोडकर, चौकोन म्हंजी हट्टी. म्या मनात म्हणलं, आबा चौकोन, मी त्रिकोण, झालं घर पुरं. मग मॅडम म्हणल्या, एक पात्र काढा, समोरून, बाजूनं, पाठीमागून. म्या कानतुटी काढली, सहा कागद, सहाही पाठमोऱ्या. मॅडम कागद उलटेपालटे करून बघतात, मौसी, इसका मुंह किधर गया? म्या म्हणलं, पुढं गेलं मॅडम, मी मागं हाय ना. वर्ग खिदळला, पण त्या नाय हसल्या. म्हणल्या, चित्र सगळं काळं भरा, डोळे नाय, रंग नाय, नुसता आकार. बाहेरच्या माणसानं ओळखलं तर पात्र खरं, नायतर फाडून टाका.

बाहेरचं माणूस? माझ्या घरी होतं की, खाटेवर, भिंतीकडं तोंड करून. त्यांनी एकदा बोलावं, एवढाच माझा ध्यास.

आज त्याच क्लासात मी गोल-चौकोन शिकवते, आन पोरी दर बॅचला हाच किस्सा मागतात. तर तवा, बाहेरचं माणूस म्हणून, मी आबांनाच क्लासात आणलं. खुर्चीत बसले, काठीवर दोन्ही हात. पडद्यावर पोरींचे काळे हत्ती आले, भुतं आली, आबा गप. मग मॅडमनी कॉम्प्युटरवर चालती केलेली माझी काळी आकृती पडद्यावर आली, एक कान नाय, मान वाकडी, डुलत डुलत निघाली. आबा उठले. मला वाटलं, चालले घरी. तर काठी आपटली, आन सगळ्या क्लासादेखत वरडले, ए कानतुटे, पाय उचल की बये, लई मागं ऱ्हायलीस!