तिसऱ्या भाषेत पोहोचेपर्यंत

आदरणीय अध्यक्ष अमरसिंहराव, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती कुलसुमआपा, आणि शिरोळ-हुपरीकडून एसटीनं कोल्हापूर गाठलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

आपल्या सर्वभाषा हक्क पक्षाचा एक रिवाज आहे. वक्त्यानं मराठीत चार वाक्यं बोलायची आणि गप्प राहायचं. आपा तीच कानडीत सांगणार, मग दखनी उर्दूत. त्यानंतरच पुढची चार. आज सत्कारमूर्तींना कामाला लावायचं नाही असं ठरलंय, म्हणून मी सलग बोलतोय. सवय नाही, दम लागतो.

या रिवाजानं आपली सभा कधी वेळेत संपली का? गेल्या विधानसभेला मी उभा होतो. शेवटची सभा. कानडी शाळेला शिक्षक का नाही, उर्दू शाळेला खोल्या का नाहीत, सगळं तिन्ही भाषांत नीट झालं. तेवढ्यात प्रचाराची मुदत संपली, माईक बंद. मत द्या, एवढंच सांगायचं राहिलं! निकालादिवशी आपले कार्यकर्ते बाळासो म्हणाले, "साहेब, मत न मागता पडलेला उमेदवार तुमीच हाय की!"

हसा. तेव्हा मीही हसलो होतो. आता थकलोय. आपा लेकीकडे हुबळीला निघाल्या आहेत, आणि चहानंतर कार्यकारिणीत ठराव येतोय : यापुढे सभा फक्त मराठीत. वेळ वाचेल, असं अध्यक्षांचं म्हणणं. ते खोटं नाही. सकाळपर्यंत मीही त्याच बाजूला होतो.

मघाशी दारात अंबूबाई भेटल्या. त्यांच्या घरी कानडी, मराठी बाजारापुरती; आपांना त्या अक्का म्हणतात. म्हणाल्या, "पावणं, तुमी लई मोठ्यानं बोलताय. पर कुणावर चिडलाय, ते अक्का बोलली की मग कळतंय. आता अक्का न्हाय. मग मी यायचं का न्हाय?"

काय सांगायचं त्यांना? आयुष्यभर सरकारच्या दारात जे मागत फिरलो, ते आपल्याच मांडवात नाकारायचं?

अध्यक्षमहाराज, माझं मत ठरावाच्या विरोधात धरा. आपांच्या जागी कोण, मला ठाऊक नाही. शोधू. माणूस सापडेपर्यंत माझं भाषण ठेवू नका.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. पण ही माफी अजून मराठीतच झाली आहे. आपा, ठरलेलं मोडतोय, या, माईक घ्या. तुमचं संपेपर्यंत मी इथंच उभा आहे.